चार लाखांचं जेवणाचं टेबल

पोस्ट लांब आहे आणि जरा तिखटही आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. यंदा उन्हाळ्यात ज्यांच्या घरचं पोरगं फ्रेंच शिकायला फ्रान्सला जाणार आहे, किंवा ज्यांनी एजंटाकडे नुसती चौकशी करून ठेवली आहे, त्यांनी तर नक्की वाचा. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

मी या शहरात एकतीस वर्षं शाळांमधून फ्रेंच शिकवलं. त्यामुळे मी फ्रेंचच्या विरोधात आहे असं कुणी म्हणू नये. त्या भाषेनं माझं घर चालवलं, दोन मुलांची शिक्षणं केली. आणि "फ्रेंच घ्या हो, स्कोअरिंग आहे" असं पालकांना सांगणाऱ्यांत मी स्वतः होते. म्हणजे पुढे जी बोलणी बसणार आहेत त्यांतली पहिली माझ्याच वाट्याची.

झालं असं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाची नात इंटर फर्स्ट इयर संपवून चार आठवडे फ्रान्सला जाऊन आली. फ्रान्सच्या पश्चिमेकडचं एक शहर, आठवड्याला वीस तासिका, राहणं एका फ्रेंच कुटुंबात. कोर्स आणि राहणं-जेवणं मिळून अडीच हजार युरोच्या आसपास, म्हणजे सव्वादोन लाख. विमानाचं तिकीट ऐंशी-पंच्याऐंशी हजार. मग व्हिसा, इन्शुरन्स, एजंटाची फी, नवे बूट, नवी बॅग, आणि "परक्या मुलखात पोरीच्या हातात काहीतरी असू दे" म्हणून दिलेले पैसे. चार लाख कधी ओलांडले ते भावाला कळलंही नाही. हैदराबादेतून बारा मुलं एकत्र गेली होती. सकाळी वर्ग, दुपारपासून बाराही जणांचा घोळका, आणि घोळक्याची भाषा आपली नेहमीची: इंग्लिश, मध्ये मध्ये "हौ यार" आणि "नक्को रे".

पोरगी परत आली. गणपतीत आपल्याकडे तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. तिनं चार वाक्यं फ्रेंचमध्ये म्हणून दाखवली, उच्चार छान होते, मला खरंच बरं वाटलं. त्याच कार्यक्रमात त्याआधी मुलांची मराठी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय शिवाजी महाराज. एका मुलाच्या हातातून कागद खाली पडला, मी उचलून दिला. सगळं भाषण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. नंतर मुद्दाम बघितलं तर सातपैकी पाच कागद तसेच. परीक्षक म्हणून मीच बसले होते. मी मार्क दिले, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रसादाच्या रांगेत उभे राहिलो.

आता मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणते. परदेशातल्या त्या समर प्रोग्रॅममध्ये आपण जे विकत घेतो ते फ्रान्स नसतं. आपण एक जेवणाचं टेबल विकत घेतो. त्या टेबलाचे नियम तीन: इंग्लिश चालणार नाही, चुकलात तर कुणी हसणार नाही, आणि तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरचा माणूस थांबेल. या तीन नियमांचे आपण चार लाख मोजतो. हेच तीन नियम आपल्या घरच्या टेबलावर फुकट पाळता येतात, आणि ते आपण पाळत नाही. म्हणून पोराला मराठी येत नाही. आणि फ्रेंचही राहत नाही, कारण घरी एकाहून जास्त भाषा जगवायची सवयच लागलेली नसते.

हे मी अंदाजानं बोलत नाही. १९८४ साली मी स्वतः गेले होते. तेव्हाची सीफेल, म्हणजे आजची इफ्लू, तिथं मी फ्रेंच शिकले, मग शाळेत लागले, आणि शिक्षकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर चार आठवडे विशीला गेले. विशी म्हणजे मध्य फ्रान्समधलं औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आलिए नदीच्या काठावर. परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणारी काव्हिलाम ही संस्था तिथं १९६४ पासून आहे. हा उद्योग तिकडे फार जुना. तूरचं इन्स्टिट्यूट १९१२ चं, सोरबॉनचे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे वर्ग १९१९ पासूनचे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात मिडलबरी कॉलेज आहे, तिथल्या उन्हाळी भाषाशाळा १९१५ साली सुरू झाल्या. तिथं तर विद्यार्थ्याकडून लेखी शपथ घेतात, की कोर्स संपेपर्यंत शिकायच्या भाषेशिवाय दुसरी भाषा बोलणार नाही. म्हणजे तुम्ही फ्रान्सला नाही गेलात, अमेरिकेतल्या डोंगरात बसलात, तरी फ्रेंच येते. जागेपेक्षा नियम महत्त्वाचा, हे त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

विशीला मी एका सत्तरीच्या बाईंकडे राहत होते. मी त्यांना मादाम म्हणायची. पहिल्याच रात्री जेवण झालं, त्या आणखी वाढायला लागल्या. मी डोक्यात मराठी वाक्य तयार केलं, "माझं पोट भरलं", आणि शब्दाला शब्द लावून ठोकून दिलं: "ज स्वी प्लेन." मी भरलेली आहे. मादामचा वाढायचा चमचा हवेतच थांबला. फ्रेंचमध्ये ते वाक्य गाईम्हशीबद्दल बोलतात. मी त्यांना सांगितलं होतं की मी गाभण आहे. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा, बरं का.

त्या हसल्या नाहीत. चमचा खाली ठेवला, खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, "जे बियाँ माँजे." मी छान जेवले. तीनदा म्हणवून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी मला एकटीला पोस्टात तिकिटं आणायला पाठवलं, तिसऱ्या दिवशी पाव आणायला. चार आठवड्यांत त्यांनी माझं एकही वाक्य स्वतः पूर्ण केलं नाही. मी अडकले की त्या नुसत्या बघत बसायच्या, शांतपणे, स्वेटर विणत. वर्गात शिकलेलं मी बरंचसं विसरले आहे, पण त्या टेबलावर शिकलेलं अजून तोंडात आहे.

पण मी गेले तेव्हा माझं फ्रेंचचं शिक्षण पाच वर्षांचं झालं होतं. तिथं जाऊन फक्त बोलायचं राहिलं होतं. आता आपण पोरांना "बाँजूर" आणि "मेर्सी" एवढ्यावर विमानात बसवतो. साधा हिशेब करा. आठवड्याला वीस तासिका, चार आठवडे, झाल्या ऐंशी. युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, ए वनपासून सी टूपर्यंत. ज्या पायरीला कुठं नोकरीत, कॉलेजात उपयोग होतो ती बी टू. शून्यापासून बी टूला जायला वर्गातले साधारण पाचशे ते सहाशे तास लागतात, शिवाय घरचा अभ्यास. ऐंशी तासिकांत पहिली पायरी कशीबशी चढून होते. तीच पायरी इथं हैदराबादेत आलियाँस फ्राँसेझमध्ये बसून कितीतरी कमी पैशांत चढता येते.

मग आपण का पाठवतो? मी एकतीस वर्षं पालक बघितले आहेत, कारणं तीनच असतात.

पहिलं कारण मार्क. इंटरच्या एक हजार मार्कांपैकी दोनशे दुसऱ्या भाषेचे. तिथं आपल्याकडे संस्कृत किंवा फ्रेंच घ्यायची पद्धत पडली आहे, कारण पेपर ठरावीक आणि मार्क भरघोस. मी स्वतः मुलांकडून पत्रं आणि निबंध पाठ करून घेतले आहेत. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव मार्क पडायचे. त्यांतल्या किती मुलांना फ्रेंच माणसाशी दोन मिनिटं बोलता आलं असतं? बोटांवर मोजण्याइतक्या. हे मी आज कबूल करते. मार्कांसाठीच घ्यायची असेल तर फ्रान्सला जायची काहीच गरज नाही, पाठांतर घरी बसून होतं.

दुसरं कारण कॅनडा. हे मात्र खरं कारण आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत चांगलं फ्रेंच आणि सोबत बऱ्यापैकी इंग्लिश असेल तर पन्नास जादा गुण मिळतात, आणि २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघतात. पण त्यासाठी बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींत वरची पातळी लागते, साधारण बी टूएवढी. परीक्षेचा निकालही दोनच वर्षं चालतो. सोळाव्या वर्षी चार आठवडे हिंडून आलेल्या पोराला पंचविसाव्या वर्षी त्याचा काय उपयोग? कॅनडा हवा असेल तर दोन-तीन वर्षं रोज एक तास बसावं लागतं. त्याला शॉर्टकट नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही.

तिसरं कारण कुणी तोंडानं बोलत नाही. शेजारच्यांचा गेला. बस.

आणि या तिन्ही कारणांच्या मागे एक ठाम समजूत असते, की मराठी ही फ्रेंचच्या आड येते. "मॅडम, आधीच तेलुगू, हिंदी, इंग्लिश, त्यात मराठी कुठं घुसवायची?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं शाळांत तेलुगू सक्तीची झाली, ते योग्यच झालं. ज्या गावचं पाणी पितो त्या गावची भाषा यायलाच पाहिजे. पण मराठीनं जागा अडवली हे म्हणणं साफ खोटं आहे. फ्रेंच शिकवणारी म्हणून सांगते, ज्या मुलाला घरचं मराठी नीट येतं त्याला फ्रेंच निम्म्या कष्टात येते.

कसं ते बघा. इंग्लिशवर वाढलेल्या पोराला पहिला धक्का बसतो लिंगाचा. टेबल स्त्रीलिंगी कसं आणि पुस्तक पुल्लिंगी का? मराठी पोराला हे काय नवीन? आपण भिंतीला ती म्हणतो, दरवाजाला तो आणि घराला ते. फ्रेंचमध्ये दोन लिंगं, आपल्याकडे तीन. विशेषण बदलतं, चांगला-चांगली, तसंच तिकडे बाँ-बॉन. तू आणि तुम्ही, तसंच तिकडे त्यू आणि व्हू. नाकातले उच्चार आपल्याला अनुस्वारानं शिकवलेले असतात. आणि सगळ्यात अवघड समजला जाणारा नियम, की भूतकाळात काही ठिकाणी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. "मी लिहिलेली पत्रं" म्हणताना पत्रं अनेक आहेत म्हणून लिहिण्याचं रूप फ्रेंचमध्येही बदलतं. हा नियम शिकवताना माझी इंग्लिशवाली मुलं रडकुंडीला यायची. घरी मराठी बोलणारी दोन पोरं वर्गात असायची ती म्हणायची, "मॅडम, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, तसंच ना?" तसंच, बाळांनो. अगदी तसंच.

आता दिवाळीची गोष्ट सांगते, जिच्यामुळे ही पोस्ट लिहायला बसले.

फराळाला सगळ्या जणी भावाकडे जमलो होतो. वहिनी अठ्ठ्याहत्तरच्या. माहेर नांदेडकडचं. त्या जुन्या पद्धतीनं विसांत मोजतात. करंज्या मोजून डब्यात भरत होत्या. वीस झाल्या की एक सुपारी बाजूला ठेवायची. शेवटी म्हणाल्या, "चार विसा न पाच."

नात तिथंच फोन घेऊन बसली होती. तिनं इंग्लिशमध्ये विचारलं, चार विसा म्हणजे काय? मी म्हटलं, "अगं, तुझं कात्र व्हँ." फ्रेंचमध्ये ऐंशीला वेगळा शब्दच नाही, चार-वीस म्हणतात. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. तिकडे दुकानात किंमत ऐकली की ती याच आकड्यांना घाबरायची, हे तिनं मला सांगितलं होतं. पोरगी उठून उभीच राहिली. "आत्याआजी, म्हणजे आजी फ्रेंचमध्ये मोजते?"

वहिनी म्हणाल्या, "मी कशाला फ्रेंचमध्ये मोजू? ते लोक माझ्यासारखं मोजत असतील."

सगळ्या हसलो. मग वहिनींनी तिला विचारलं, तिकडे त्या बाईंकडे काय काय खायचीस ग? पोरगी मराठीत सांगायला लागली. "आजी, तिकडे ना, सकाळी तो... ब्रेड... लांब असते ना, तो भेटायची..." आणि आम्ही काय केलं? तिची आई म्हणाली, "तो की ती, एक काहीतरी ठरव!" काकू म्हणाली, "भेटायची नाही, मिळायची." मी स्वतः, एकतीस वर्षांची शिक्षिका, फिस्सकन हसले. वहिनींनी नेहमीसारखं म्हटलं, "राहू दे बाई, इंग्लिशमध्ये सांग, आई मला सांगेल."

पोरगी गप्प झाली. मग इंग्लिशमध्ये जे बोलली ते मराठीत लिहिते. म्हणाली, "तिकडे मादाम माझं वाक्य संपेपर्यंत थांबायची. दिवसभर ग्रुपमध्ये इंग्लिशच होतं, पण रात्रीच्या जेवणाला मी बोलायची, कारण ती थांबायची. इथं माझं वाक्य तुम्हीच संपवता. म्हणून मी मराठी बोलत नाही."

मंडळी, त्या स्वयंपाकघरात पाच बायका होतो. एकीकडेही उत्तर नव्हतं.

आपण नेहमी म्हणतो, पोरांना मराठी नको आहे, पोरांना लाज वाटते. लाज त्यांना आपण शिकवली. आणि आपल्याला ती कुणी शिकवली तेही आठवा. आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी सुट्टीत पुण्याला गेलो असू. तिथं आपण "काय करूलालास?" म्हटलं की चुलत-मामे भावंडं लोळून लोळून हसायची. "हैदराबादी मराठी" म्हणून नक्कल करायची. मी बारा वर्षांची असताना पुण्यात तीन आठवडे जवळजवळ तोंडच उघडलं नव्हतं, घरचे म्हणायचे पोरगी शांत आहे. ते हसणं आपण गिळलं, आणि आज तेच आपल्या नातवंडांवर ओकतो. परक्या देशातली बाई आपल्या पोराच्या चुका पोटात घालते, आणि सख्खी आत्याआजी फिस्सकन हसते. असं असेल तर पोरानं कुठली भाषा निवडावी?

या शहराची रीत अशी नव्हती. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम लढले, तेव्हा निजामाच्या फौजेत फ्रेंच सेनानी रेमाँ होता आणि शिंद्यांच्या फौजेत फ्रेंचच पेराँ. रेमाँ १७९८ मध्ये वारला, त्याची समाधी इथंच आहे. "मस्यू रेमाँ" हे नाव हैदराबादकरांच्या तोंडात बसेना. कुणी मूसा राम म्हटलं, कुणी मूसा रहीम. त्यावर कुणी हसलं असेल नसेल, पण नाव टिकलं. आज मेट्रोत बसलात की स्टेशनची घोषणा होते, मूसारामबाग. लोकांनी ते चुकीचं का होईना, रोज म्हटलं, म्हणून सव्वादोनशे वर्षं ते जिवंत आहे.

आपल्या वाडवडिलांचं बघा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं ते उर्दू माध्यमातून. कायदा उर्दूत, डॉक्टरकी उर्दूत. आपले आजोबा-पणजोबा कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू, गल्लीत दखनी, घरी मराठी आणि देवासमोर संस्कृत असे जगले. आणि त्याच काळात, १९०७ साली, त्यांनी जांबागेत विवेक वर्धिनी काढली. कुणाला वाटलं नाही की एका भाषेनं दुसरीची जागा खाल्ली. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या राज्यात अधिकारी होते, आदिलाबादेत बदली झाली तर गोंडी आणि कोलामी शिकले. नरसिंह राव तर तेलुगू माणूस, वारंगळकडचे. वंदे मातरम् चळवळीमुळे शिक्षणासाठी महाराष्ट्रात जावं लागलं, तिथं मराठी शिकले, आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'चा तेलुगूत अनुवाद केला. त्यांना फ्रेंच आणि स्पॅनिशही येत होतं. परभाषिक माणूस आपली कादंबरी वाचून तिचा अनुवाद करतो, आणि आपली पोरं शिवाजी महाराजांवरचं भाषण इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात. याचा दोष मी पोरांना अजिबात देत नाही.

कुणी म्हणेल, ताई, हे सगळं ठीक, पण मराठी येऊन हैदराबादेत मिळतं काय? नोकरी मिळत नाही, खरं आहे. पण मग फ्रेंच ज्या नियमानं शिकायची तो नियम कुठं शिकणार? चुकत बोलायचं धाडस, थांबून ऐकायची सवय, समोरच्याचा शब्द उचलून आपल्या वाक्यात घालायची खोड, हे सगळं घरच्या दुसऱ्या भाषेत फुकट शिकायला मिळतं. आणि दुसरं म्हणजे, वहिनी अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. त्यांना इंग्लिश येत नाही. त्यांच्याजवळ रझाकारांच्या वेळची, नांदेडहून रात्री निघण्याची गोष्ट आहे. त्या तेव्हा मांडीवर होत्या, पण आईकडून ऐकलेली ती गोष्ट त्यांना तपशिलासकट पाठ आहे. ती गोष्ट नातीला अजून कळलेली नाही, कारण मध्ये सारखा एक दुभाषी लागतो. मादामच्या नवऱ्याची, कुत्र्याची, बागेची सगळी माहिती पोरीला आहे. स्वतःच्या आजीची नाही. यात कुणाचं काय नुकसान झालं ते माझ्याकडून ऐकू नका, घरी जाऊन मोजा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. फ्रान्सला पाठवू नका असं मी म्हणत नाही. पाठवा, पण आधी इथं दोन वर्षं नीट शिकवून बी वनपर्यंत तरी आणा. घोळक्यात पाठवू नका, एकटं पाठवा, ज्या वर्गात आपल्या गावचं कुणी नसेल तिथं. तिथल्या कुटुंबात दुसरा इंग्लिश बोलणारा पाहुणा नसावा, हे आधी विचारून घ्या. आणि आल्यावर सत्कार करू नका, आठवड्यातून एकदा कुणाशी तरी फ्रेंच बोलायची सोय करा. नाहीतर सहा महिन्यांत सगळं वाहून जातं.

आणि विमानाचं तिकीट काढायच्या आधी घरी महिनाभर एक प्रयोग करा. रात्रीचं एकच जेवण, फक्त मराठीत. चुकलं तर हसायचं नाही. वाक्य संपेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. अडलेला शब्द मागितला तरच द्यायचा. हा महिना ज्या घराला जमत नाही, त्या घरानं चार लाख खर्चून पोराला दुसऱ्याच्या टेबलावर बसवू नये. माझ्याकडे आता कुणी कोर्सची नावं विचारायला आलं तर मी आधी एवढंच विचारते, तुमच्याकडे रात्री जेवताना कोणती भाषा असते? दोघं जण रागावून गेले. जाऊ देत.

भावाकडे दिवाळीनंतर हे सुरू केलंय. दर रविवारी मी जाते. पहिले दोन रविवार भयंकर गेले, नुसता वाट्या-चमच्यांचा आवाज. वहिनींना गप्प बसणं सगळ्यात जड जातं, त्यांनी तोंडावर पदर धरून बसायची युक्ती काढली आहे. गेल्या रविवारी पोरीनं बस चुकल्याची गोष्ट सांगितली. साधी गोष्ट, मेहदीपट्टणमला बस चुकली आणि शेअर ऑटोत बसली. सांगायला तिला सात-आठ मिनिटं लागली. ऑटो तीनदा पुल्लिंगी झाली, दोनदा स्त्रीलिंगी. आमटी पार निवून गेली. गोष्ट संपल्यावर वहिनींनी पदर खाली घेतला आणि विचारलं, "मग, ऑटोवाल्यानं सुट्टे दिले का?"

पोरगी म्हणाली, "नाही दिले ना आजी. चार विसा रुपये घेतले."